बाळाचं नाव कार्डावर नाही

(भरे, ता. मुळशी येथे झालेल्या साहाय्यकांच्या मेळाव्यातील भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय विम्याचा. दुपारच्या जेवणानंतर विमा ऐकायला लावणं ही खरं तर शिक्षाच, पण सूचनापत्रात मी एक विनंती केली होती, घरात आरोग्य विमा असेल त्यांनी पॉलिसीचे कागद बरोबर आणावेत, आणि बऱ्याच जणांच्या पिशव्यांतून ते डोकावताना दिसतायत. त्यांच्याकडे नंतर येते.

मी एका सरकारी विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर २६ वर्षं काम केलं. कागद कुठे अडतो, कोण अडवतो आणि कशाने सुटतो, एवढंच मला येतं. निवृत्त झाल्यावर मिशनच्या ताईंनी विचारलं, वस्तीवरच्या लोकांबरोबर दवाखान्यात याल का? म्हटलं, येईन. तेव्हापासून जाते आहे. सगळ्यात जास्त वेळा गेले ते नुकत्याच जन्मलेल्या बाळांसाठी.

मागच्या बैठकीत आपल्यातल्या एका काकांनी प्रश्न विचारला होता. ते आजही आलेत. म्हणाले होते, "सरकारच्या एवढ्या योजना आहेत, सगळं फुकट आहे म्हणतात, मग आपण दवाखान्यासाठी वर्गणी का द्यायची?" काकांचा प्रश्न अगदी बरोबर होता. बैठक संपत आली होती म्हणून उत्तर राहिलं. आज देते.

आधी काका म्हणाले ते किती खरं आहे ते सांगते. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत, सिझेरियन झालं तरी मोफत. औषधं, तपासण्या, रक्त, बाळंतिणीचं जेवण, आणायची-पोचवायची गाडी, सगळं त्यात आलं. आजारी नवजात बाळाचे उपचारही मोफत; आधी ३० दिवसांपर्यंत होते, नंतर वर्षापर्यंत वाढवले. इथे ना विमा लागतो, ना रेशन कार्ड. आपल्या भागाचा रस्ता असा: पौडचं ग्रामीण रुग्णालय, तिथून औंधचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर ससून. १०८ ची गाडी आणि १०२ ची गाडी, दोन्ही फुकट.

दुसरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आपल्या पुण्यात आली २०१३ च्या नोव्हेंबरात, आणि २०१७ पासून तिला जोतिरावांचं नाव आहे. ही खाजगी रुग्णालयांतही चालते, पण सगळ्या नाही, जी ‘अंगीकृत’ आहेत त्यांच्यातच. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण होतं, आता पाच लाख. नवजात बाळांच्या उपचारांची पॅकेजेस तिच्यात आहेत. उपचार पूर्ण मोफत, डिपॉझिट घ्यायचं नाही. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात एक आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याचं कामच मुळी हे.

तर कागदावर काकांचं म्हणणं सोळा आणे खरं. आता मागच्या श्रावणात काय झालं ते ऐका.

इथून फार लांब नाही, डोंगराच्या अंगाला कातकरी वस्ती आहे. तिथली एक बाई पौडला बाळंत झाली. बाळ आठव्या महिन्यातलं, वजन दीड किलोच्या आत-बाहेर, श्वास लागत होता. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, औंधला न्या. गाडी यायला वेळ लागत होता, पाऊस धो धो होता, आणि बापाने भीतीपोटी एक जीप ठरवली. जीपवाला म्हणाला, औंधला कुठे जाता, वाटेतच मोठा दवाखाना आहे, तिथे लगेच घेतात. घेतलंही लगेच. बाळ काचेच्या पेटीत गेलं आणि बापाला खाली काउंटरवर पाठवलं. २५ हजार डिपॉझिट.

कातकरी माणसाकडे श्रावणात २५ हजार कुठून येणार? श्रावण म्हणजे त्यांच्या घरात दाणा नसतो असा महिना. त्याने वीटभट्टीच्या मुकादमाला फोन केला. मुकादम तासाभरात पैसे घेऊन हजर. मुळशी तालुक्यात राहणाऱ्यांना ‘उचल’ म्हणजे काय ते सांगायला नको. पुण्याहून आलेल्यांसाठी सांगते: भट्टीचा हंगाम दिवाळीनंतर. त्याच्या आधी जो पैसा घेतला तो अंगावर काम करून फेडायचा, नवरा-बायको दोघांनी, आणि हिशोबाची वही मुकादमाकडे.

तिसऱ्या दिवशी आणखी ६० हजारांचा आकडा सांगितला, तेव्हा आशाताईंनी आम्हाला फोन केला. मी आणि आपला एक कार्यकर्ता गेलो.

काउंटरवरच्या मुलाला विचारलं, दवाखाना योजनेत आहे ना? बाहेर पाटी आहे. म्हणाला, आहे, पण ही केस बसत नाही. का? तर बाळाचं नाव रेशन कार्डावर नाही.

तीन दिवसांच्या बाळाचं नाव रेशन कार्डावर कसं असेल? त्याची अजून पाचवीही पूजलेली नव्हती! त्याच्या हातातल्या पट्टीवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव, एवढीच त्याची ओळख. योजना करणाऱ्यांना हे माहीत आहे. म्हणून नवजात बाळासाठी आई-बापाचं कार्ड चालतं. बरोबर बाळाचा जन्मदाखला आणि आई किंवा बापाबरोबरचा फोटो लागतो. मी म्हटलं, बसत नाही हे मला लिहून द्या, तुमच्या सहीशिक्क्याने. २६ वर्षांत शिकलेली ही माझी एकुलती एक युक्ती. तोंडाने ‘नाही’ म्हणणारी शंभर माणसं भेटतात, लिहून देणारं त्यांत एखादंच असतं. तो म्हणाला, सरांना विचारून येतो. सर आले नाहीत.

आरोग्यमित्राच्या खुर्चीवर कोणी नव्हतं. दीड तास बसलो. आला तो बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, आणि सांगते, अतिशय चांगला निघाला. म्हणाला, मॅडम, मला कोणी कळवलंच नाही की अशी केस आली आहे. त्याने कागद बघायला सुरुवात केली. आईचं आधार माहेरच्या नावाचं. पिवळ्या कार्डावर बापाचं आडनाव एक, आधारवर दुसरं. कातकऱ्यांत हे घरोघरी आहे. शाळामास्तरांनी एक लिहिलं, तलाठ्याने दुसरं, आणि त्यांनी स्वतः कधी आडनाव लावलंच नव्हतं. पण फोटो जुळत होते, गाव जुळत होतं. तो म्हणाला, हे मी वर समजावतो, तुम्ही जन्मदाखला आणा. आमचा कार्यकर्ता भर पावसात मोटरसायकलने पौडला गेला.

एक गोष्ट मध्येच सांगते, तुम्हा सर्वांच्या उपयोगाची. जन्माची नोंद २१ दिवसांत केली तर फी नाही, आणि दाखल्यासाठी नाव ठरलेलं असावं लागत नाही. नावाची जागा रिकामी ठेवून दाखला मिळतो, नाव नंतर घालता येतं. आत्या येईपर्यंत थांबू, बारशानंतर करू, असं म्हणून लोक दाखला काढत नाहीत आणि मग विम्याच्या कागदाला काहीच जोडता येत नाही.

दाखला आला, फोटो काढला, आणि आता झालं असं वाटलं तेव्हा दवाखान्याने फाईलमधून एक कागद काढला. छापील मजकूर, खाली बापाचा अंगठा. मजकूर असा, की आम्हाला योजनेची माहिती दिली आहे, आम्हाला योजनेचा लाभ नको, आम्ही स्वखर्चाने उपचार घेत आहोत.

मी बापाला विचारलं, दादा, हे कशावर अंगठा दिलात? तो म्हणाला, "बाई, पाच-सहा कागद होते. बाळाला आत घ्यायचं म्हणाले, मी देत गेलो."

बंधुभगिनींनो, विम्याचे वाद म्हटले की आपल्याला वकील, कोर्ट, जाड पुस्तकं आठवतात. गरिबाचा वाद बहुतेक वेळा या एका अंगठ्यावर हरलेला असतो, पहिल्या दहा मिनिटांत, रात्रीच्या वेळी, बाळ आत आणि बाप बाहेर असताना. त्या दहा मिनिटांत त्याच्या बाजूला वाचता येणारं एक माणूस असतं तर तो कागद तिथेच बाजूला राहिला असता.

पुढचं पटकन सांगते. योजनेचा मदत क्रमांक आहे १५५३८८. तिथे तक्रार नोंदवली, तक्रारीचा क्रमांक घेतला, अर्ज लिहिला की बापाला वाचता येत नाही, मजकूर वाचून दाखवलेला नाही, साक्षीदाराची सही नाही. तो अर्ज दवाखान्याला दिला आणि पोच घेतली. आरोग्यमित्राने आपल्या जिल्हा कार्यालयाला कळवलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी मंजुरी आली. बाळ त्यानंतर १६ दिवस पेटीत होतं, त्या १६ दिवसांचा एक रुपयाही लागला नाही.

राहिला प्रश्न त्या २५ हजारांचा. दवाखान्याचं म्हणणं, मंजुरीच्या आधीचे दिवस आमचे. आमचं म्हणणं, दवाखाना योजनेत, माणूस योजनेत, तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घ्यायची सोय योजनेत. तुम्ही पहिल्या दिवशी कळवलं नाही त्याचा भुर्दंड बापाला का? पत्रं गेली, स्मरणपत्रं गेली. पौष महिन्यात १७ हजार परत आले.

पण दिवाळी त्याआधी आली होती. बाळाला घेऊन ते दोघं भट्टीवर गेले होते.

आमच्या समितीने विचार केला होता की उचल आपण फेडून टाकू. मुकादमाला निरोपही दिला. तो म्हणाला, पैसे नकोत, मला जोडी पाहिजे. कायद्याने असं करता येत नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे, आणि उचलीपायी बांधून काम करून घेणं त्यात बसतं. तहसीलदारांकडे अर्ज करू म्हटलं. बापच नको म्हणाला. "पुढच्या पावसाळ्यात आम्हाला कोण देईल? तुम्ही द्याल?" यावर आमच्यापैकी कोणी बोललं नाही. बाळ जगलं, पावसाच्या तोंडाला परत आलं, आता धरून उभं राहतं. पण आयुष्यातले पहिले काही महिने त्याने विटांच्या धुळीत काढले, ते एका डिपॉझिटपायी, जे मागायचाच अधिकार कोणाला नव्हता.

तर काका, ही तुमच्या प्रश्नाची पहिली बाजू. योजना आहे. ती आणि अंगठा देणारा माणूस यांच्यामध्ये जेवढं अंतर आहे, तेवढ्यात आपली वर्गणी खर्च होते. दवाखान्याची बिलं आपण सहसा भरत नाही, आणि माझं मत विचाराल तर भरूही नयेत, अगदीच इलाज नसला तर गोष्ट वेगळी. आपण बिल भरलं की योजनेतल्या दवाखान्याला कळतं, इथे मिशन आहे, इथून पैसे येतात. पुढच्या वेळी ते आरोग्यमित्राला उठवतसुद्धा नाहीत.

आता तुमच्या पिशवीतल्या पॉलिसीकडे येते, कारण हे सगळं फक्त वस्तीवर होतं असं कोणाला वाटू नये.

आपल्या मंडळीतल्या एका जोडप्याला बाळ झालं, तेही आठव्या महिन्यात. मुलगा चांगल्या कंपनीत, कंपनीचा गटविमा. बाळ १९ दिवस एनआयसीयूमध्ये. आईचा क्लेम मंजूर, बाळाचा कॅशलेस नामंजूर. कारण काय? बाळाची नोंद पॉलिसीत नाही. म्हणजे कातकऱ्याच्या बाळाला जे उत्तर मिळालं, तेच याच्याही बाळाला, फक्त इंग्रजीत.

इथे विम्याचं गणित समजून घ्या. आईचं बिल आणि बाळाचं बिल वेगळं असतं. बाळंतपणाच्या खर्चाला पॉलिसीत छोटी मर्यादा असते आणि बऱ्याच पॉलिसींत काही काळ थांबावंही लागतं. बाळ आजारी पडलं तर तो खर्च कुठून द्यायचा, हे पॉलिसीत कुठे ‘नवजात’ हा शब्द आहे त्यावर ठरतं. बऱ्याचशा गटविम्यांत बाळ पहिल्या दिवसापासून धरतात, पण ठराविक दिवसांत कळवावं लागतं. उलट, घरगुती घेतलेल्या कितीतरी पॉलिसींत बाळ ९१ व्या दिवसापासून धरतात. नवजात बाळाचा धोक्याचा काळ म्हणजे पहिले २८ दिवस, आणि पॉलिसी येणार तीन महिन्यांनी! ही अट घालणाऱ्याने गणित चांगलं केलंय, एवढंच म्हणते, मीही त्याच धंद्यात होते.

या मुलाच्या पॉलिसीत पहिल्या दिवसापासूनची अट होती. त्याने सहाव्या दिवशी ऑफिसमधल्या बाईंना मेल केला, दाखला जोडला, आणि बाळाची नोंद जन्माच्या तारखेपासून झाली. चार ओळींच्या मेलने भांडण मिटलं. पण आधीचे पाच दिवस त्या पोराने बायकोचे दागिने कुठे ठेवायचे याच्या चौकशा केल्या होत्या.

दुसरा शब्द बघा, ‘जन्मजात’. बाळाच्या हृदयाला छिद्र असलं की पूर्वी कंपन्या हा शब्द लिहून फाईल बंद करायच्या. आता तसं चालत नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आनुवंशिक आजार सरसकट वगळण्याची अट भेदभावाची ठरवली, आणि नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाईने, कंपन्यांना तशा सूचना दिल्या. २०१९ च्या नियमांनी शरीराच्या आतले जन्मजात दोष सरसकट वगळता येत नाहीत. बाहेर दिसणारे, उदाहरणार्थ जादा बोट, त्यांबद्दल कंपनी नाही म्हणू शकते. तेव्हा ‘जन्मजात’ म्हणून नकार आला तर पहिला प्रश्न विचारा: आतला की बाहेरचा? आणि पॉलिसीतलं कलम कोणतं? २०२४ च्या मे महिन्यातल्या परिपत्रकाप्रमाणे नकार देताना कंपनीने कलम दाखवलं पाहिजे. कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी, हेही त्याच परिपत्रकात आहे.

कंपनीने ऐकलं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. एक महिना उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय देतात. मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. लोक दोन वर्षं साहेबांच्या ओळखी शोधत बसतात आणि मग येतात.

पिरंगुट, भरे, उरवडे या पट्ट्यात कारखाने आहेत आणि आपल्या वस्त्यांवरची नव्या पिढीची पोरं तिथे ठेकेदाराकडे कामाला लागली आहेत. त्यांना मी हात जोडून सांगते, पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात बघा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याला ईएसआय लागू होतो, त्याच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालकाचा सव्वातीन टक्के. त्यात बायको आणि बाळ दोघांचे उपचार येतात, बिबवेवाडीला आणि चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयची मोठी रुग्णालयं आहेत. एक पोरगा भेटला, दोन वर्षं कपात चालू होती आणि त्याच्या कुटुंबाच्या नोंदीत बायकोचंही नाव नव्हतं, बाळाचं तर सोडाच. कपात होते याचा अर्थच त्याला कोणी सांगितला नव्हता. त्याला वाटे, हा ठेकेदाराचा काही दंड आहे. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तरी जबाबदारी मूळ कारखानदाराची असते, हेही लक्षात ठेवा.

आता धर्मादाय रुग्णालयांचं. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या एप्रिलमध्ये, पुण्यात काय गाजलं ते तुम्हाला आठवत असेल. जुळी मुलं पोटात असलेल्या एका मातेला एका नामांकित धर्मादाय रुग्णालयात दहा लाख रुपये अनामत मागितल्याचा आरोप झाला. दुसरीकडे तिला दोन मुली झाल्या आणि ती वारली. चौकश्या झाल्या, मोर्चे निघाले. त्या प्रकरणात कोण किती दोषी हे मी इथे उभी राहून सांगणार नाही. मला एवढंच दिसलं, की अख्ख्या शहराला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं की असा नियम आहे. नियम २००६ चा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना: धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून आधी स्थिर करायचं. त्यासाठी प्रत्येक बिलातले दोन टक्के वेगळ्या खात्यात ठेवतात. उत्पन्नाचा दाखला लागतो, वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. तहसीलदारांचा हा दाखला वस्तीवरच्या प्रत्येक गरोदर बाईच्या घरात सातव्या महिन्याआधी असावा, असा आमचा प्रयत्न चालू आहे. मुळशीच्या तहसील कचेरीत, पौडला, त्यासाठी किती खेपा होतात ते आपल्या कार्यकर्त्याला विचारा. त्याच्या मोटरसायकलचं टायर तुमच्या वर्गणीतून बदललं आहे.

आणि बिल राहिलं म्हणून बाळ अडवून ठेवता येत नाही. उच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलेलं आहे. बिल वसूल करायचे दुसरे मार्ग आहेत, बाळ हे तारण नाही. पण घाबरलेली माणसं उलटंच करतात, पैसे नाहीत म्हणून ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेतो’ या कागदावर अंगठा देतात आणि नळी काढलेलं बाळ घरी आणतात. असं एक बाळ आम्ही गमावलं आहे. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही, त्याची आई आज इथे स्वयंपाकाला आली आहे.

सरकारी दवाखान्याबद्दल एक शब्द. तिथे ताटकळावं लागतं, कोणी तुसडेपणाने बोलतं, एका खाटेवर दोन बाया असतात, हे सगळं मी पाहिलं आहे. तरी नवजात बाळासाठी मी आधी तिथेच नेईन. औंधला, ससूनला आजारी नवजातांचा वेगळा कक्ष आहे आणि तिथे क्लेम नाकारायला कोणी बसलेलंच नसतं. त्याहून आधीचीही पायरी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्या साध्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकवली आणि तिथल्या नवजातांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आज आशाताई ज्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळाचं वजन करतात, त्याचं मूळ तिथे आहे. आपल्या आशाताई मागे बसल्यात. सातव्या दिवशी वजन घटलेलं दिसलं आणि त्याच दिवशी बाळ पौडला गेलं, तर काचेची पेटी आणि तिच्या मागचं सगळं भांडण बऱ्याचदा टळतं.

आता काका, दुसरी बाजू, म्हणजे पैसा कशाला लागतो. मागच्या तीन महिन्यांचा हिशोब या अंकात छापलाच आहे, मी ठळक सांगते. दवाखान्यात राहणाऱ्या एका नातेवाइकाचं जेवण. बापाची बुडालेली मजुरी, कारण मजुरी बुडते म्हणून तो दुसऱ्या दिवशी निघून जातो आणि सही करायला कोणी राहत नाही. जीपभाडं. झेरॉक्स. आणि प्रत्येक गरोदर बाईसाठी एक चेनची प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात कार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, माता-बाल कार्ड, प्रत्येकी तीन प्रती. पिशवीवर १५५३८८ मोठ्या आकड्यात लिहिलेलं. पिशवी कुडाच्या भिंतीला खिळ्याला टांगलेली असते. कातकऱ्यांसाठी गेल्या दोन-तीन वर्षांत सरकारची शिबिरं झाली, कार्डं निघाली. ती पावसात भिजून जाऊ नयेत एवढं तरी आपण करू शकतो.

पैशापेक्षा मला जास्त कमी पडतात माणसं. रात्री फोन आला तर जाणारे आम्ही चौघं आहोत आणि त्यांतल्या दोघांना मधुमेह आहे. तुमच्यात बँकेतून निवृत्त झालेले आहेत, सिस्टर म्हणून काम केलेल्या आहेत, शाळेतले क्लार्क आहेत. डॉक्टर नकोत, वकील नकोत. कागद वाचता आला पाहिजे, न रागावता तीन तास बाकावर बसता आलं पाहिजे आणि ‘लिहून द्या’ म्हणता आलं पाहिजे. दाराशी वही ठेवली आहे, तिच्यात आठवड्याचा वार आणि आपला फोन लिहा. ससूनसाठी गुरुवार आणि रविवार अजून रिकामे आहेत.

चहा तयार आहे असं खुणावतायत. ज्यांनी पॉलिसी आणली आहे त्यांनी चहा होईपर्यंत तिच्यात ‘नवजात’ शब्द कुठे आहे ते शोधून पानाला घडी घालून ठेवा. इंग्रजीत असेल तर शेजारच्या मुलांना विचारा. आणि ज्यांच्या सुना-मुली दिवसांत आहेत त्यांनी आधी यावं, मी त्या खिडकीजवळ बसते.